सीपॅपचं प्रेशर वाढवायच्या आधी काय तपासायचं

विचारणारे नाशिकचे, वय ५२. स्लीप स्टडीत एएचआय (झोपेत तासाला श्वास अडण्याचे प्रसंग) ४१ आला, म्हणजे तीव्र ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया. या आजारात झोपेत घसा मिटून श्वास पुन्हा पुन्हा अडतो. दोन महिन्यांपूर्वी ऑटो सीपॅप घेतलं, म्हणजे मास्कमधून हवेचं प्रेशर देऊन घसा उघडा ठेवणारं आणि ते प्रेशर स्वतःच कमी-जास्त करणारं मशीन. मशीन पोचवायला आलेल्या मुलाने ४ ते २० असं प्रेशर लावून दिलं, नाकाचा मास्क बसवून दाखवला आणि तो गेला. बायको म्हणते घोरणं थांबलंय. पण मशीनच्या स्क्रीनवर रोज ८-९ एएचआय दिसतो, सकाळी तोंडाला कोरड पडलेली असते, पोट फुगलेलं असतं आणि पहाटे तीनच्या सुमारास मास्क उशीवर पडलेला सापडतो. तो कधी काढला हे आठवत नाही. दिवसा पेंग आहेच. प्रश्न तीन: प्रेशर आपणच वाढवावं का? मास्क बदलावा का? आणि भावासाठी एक सेकंडहँड मशीन स्वस्तात मिळतंय, ते घ्यावं का?

मी फुप्फुसविकार तज्ज्ञ आहे आणि स्लीप लॅबमध्ये रोज हेच रिपोर्ट वाचतो. प्रेशरला तूर्त हात लावू नका. तुमच्या वर्णनात जे जे आहे त्याचा धागा आधी हवेच्या गळतीकडे जातो, प्रेशरकडे नंतर.

आधी त्या ९ चा अर्थ नीट समजून घ्या. एएचआय म्हणजे तासाला सरासरी किती वेळा श्वास किमान १० सेकंद थांबला किंवा बराच उथळ झाला. ५ च्या आत ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. ४१ वरून ९ म्हणजे बरीच सुधारणा, असं वाटणं साहजिक आहे. पण मशीन फक्त मास्क तोंडावर असेपर्यंतच मोजतं. समजा तुम्ही अकराला झोपता, तीनला मास्क निघतो आणि सहाला उठता. पहिले चार तास ९ च्या दराने धरले तर ३६ प्रसंग. उरलेले तीन तास उपचाराविना, म्हणजे ४१ च्या दराने १२३. सात तासांची बेरीज १५९, सरासरी तासाला जवळजवळ २३. म्हणजे स्क्रीन ९ म्हणत असताना तुमचं शरीर अजून मध्यम तीव्रतेचा अ‍ॅप्निया भोगतंय. वर पहाटेच्या तासांत स्वप्नांची झोप जास्त असते. त्या अवस्थेत घशाचे स्नायू सर्वांत ढिले पडतात, त्यामुळे अनेकांचा अ‍ॅप्निया तेव्हाच सर्वांत वाईट असतो. नेमका तोच भाग तुमच्या हातून सुटतोय. दिवसा पेंग का येते याचं बरंचसं उत्तर इथेच आहे.

आता मास्क पहाटेच का निघतो? बहुतेक वेळा क्रम असा असतो. जबडा सैल पडतो, तोंड उघडतं, नाकातून दिलेली हवा तोंडातून बाहेर पडायला लागते. घशातलं प्रेशर उतरतं, श्वास अडतो. मशीनला अडथळा जाणवतो, ते प्रेशर वाढवतं. वाढलेल्या प्रेशरने गळती आणखी वाढते, मास्कच्या कडेने डोळ्यांवर वारा येतो आणि अर्धवट जागेत हात आपोआप पट्ट्यांकडे जातो. पंक्चर टायरमध्ये हवा भरत राहावं तसं हे चाललेलं असतं. अशा वेळी तुम्ही प्रेशर वाढवलंत तर सगळ्यालाच जोर चढेल. तोंडाची कोरड हा तोंडातून गळती होत असल्याचा चांगला पुरावा आहे, आणि पोटातला गॅस गिळलेल्या हवेचा.

हा माझा अंदाज आहे. तो खरा की खोटा हे मशीनमधलं एसडी कार्ड सांगेल. कार्ड लॅपटॉपला लावून ‘ऑस्कर’ नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रात्रीचा आलेख बघता येतो. डॉक्टरकडे जाताना कार्ड न्यायचंच, पण स्वतः बघायलाही हरकत नाही. रुग्ण आपला आलेख वाचायला शिकला की आमचं निम्मं काम हलकं होतं. आलेखात तीनच गोष्टी शोधा: गळती कधी वाढते, प्रसंग कोणत्या वेळी गोळा होतात आणि ते कोणत्या जातीचे आहेत. रेसमेड कंपनीच्या मशीनवर गळतीचा ९५ टक्क्यांचा आकडा (९५ टक्के वेळ गळती ज्याच्या आत होती तो) मिनिटाला २४ लिटरच्या आत असायला हवा. हा आकडा फक्त अनावश्यक गळतीचा असतो. फिलिप्सची मशीनं मास्कच्या भोकांतून मुद्दाम बाहेर सोडलेली हवाही त्यात धरतात, म्हणून त्यांचा आकडा मोठा दिसतो. शेजाऱ्याच्या आकड्याशी आपला ताडून पाहण्यात अर्थ नाही तो यामुळेच.

मास्क बसवताना बहुतेकांची एक गोष्ट चुकते. पलंगावर बसून, मशीन बंद असताना पट्ट्या आवळायच्या, मग आडवं व्हायचं. आडवं झाल्यावर गालांचं मांस मागे सरकतं, चेहऱ्याचा आकार बदलतो आणि बसून बसवलेला मास्क सैल होतो. तसं न करता नेहमीच्या कुशीवर, नेहमीच्या उशीवर झोपा. मशीन चालू करा आणि मास्क फिट तपासायची सोय असेल तर ती लावा, म्हणजे झोपेतलं प्रेशर लगेच येतं. मग मास्कचं बूड दोन बोटांनी चेहऱ्यापासून जरासं उचला, सिलिकॉनच्या पातळ कडेत हवा भरू द्या आणि हळूच परत टेकवा. ती कड हवेने फुगूनच चेहऱ्याला चिकटते. पट्ट्या करकचून आवळल्या की तिला घडी पडते आणि गळती वाढते. म्हणजे गळते म्हणून आवळायचं, आवळलं म्हणून गळतं. पट्टीखाली बोट सहज जायला हवं. सकाळी नाकाच्या दांड्यावर लाल वळ उठत असेल तर मास्क घट्ट आहे किंवा त्याचं माप चुकलंय. रोज सकाळी उशी, म्हणजे मास्कचा सिलिकॉनचा भाग, सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा, कारण त्वचेच्या तेलाने तो घसरायला लागतो. झोपण्यापूर्वी तोंडाला क्रीम लावत असाल तर ती बंद. मिशीबद्दलही एक सांगायला हवं: भरघोस मिशीवर नाकाचा झाकणी मास्क नीट बसत नाही. मिशी काढायची तयारी नसेल (आपल्याकडे बऱ्याचदा नसते) तर नाकपुड्यांत टेकणारे नेझल पिलो वापरून बघा.

तोंडातून गळती आहे असं ठरलं की दुकानदार लगेच नाक-तोंड झाकणारा फुल फेस मास्क सुचवतो. तो महागही असतो. माझं मत थोडं वेगळं आहे. फुल फेस मास्क जबड्याला मागे ढकलतो, त्याला प्रेशर बऱ्याचदा जास्त लागतं आणि त्याची कड लांब असल्यामुळे गळायच्या जागाही जास्त. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही नाकाच्या मास्कलाच आधी पसंती देतात. म्हणून आधी नाक बघा. तोंड बंद करून पाच मिनिटं आरामात श्वास घेता येतो का? नाही आला तर नाक चोंदलेलं आहे आणि तोंड उघडणं ही शरीराची गरज आहे. रात्री मिठाच्या पाण्याने नाक धुवा. जलनेती येत असेल तर उत्तम, पण पाणी उकळून कोमट केलेलंच हवं, नळाचं नको. अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरला विचारून स्टिरॉइडचा नाकातला फवारा रोज मारा. त्याचा गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. नाकाचं हाड वाकडं असेल तर ईएनटी तज्ज्ञ. नाक मोकळं असूनही तोंड उघडत असेल तर हनुवटीची पट्टी आणि एवढं करूनही नाहीच जमलं तर फुल फेस. तोंडाला टेप लावायचे व्हिडिओ हल्ली फार फिरतात. नाक चोंदलेलं असताना, आंबट ढेकर येणाऱ्याने किंवा दारू पिऊन झोपणाऱ्याने तो प्रयोग अजिबात करू नये.

आता प्रेशर. ते पाण्याच्या सेंटीमीटरमध्ये मोजतात आणि घरगुती मशीनला साधारण ४ ते २० एवढी मर्यादा असते. ४ ते २० लावून दिलं याचा अर्थ कोणी काही लावलंच नाही, मशीन कारखान्यातून आलं तसं ठेवलं. ऑटो मशीन हुशार असतं, पण ते भविष्य जाणत नाही. श्वास अडायला लागला, घोरण्याची थरथर दिसली, श्वासाच्या लाटेचा माथा चपटा व्हायला लागला की मग ते हळूहळू वर चढतं. तुमच्या घशाला १० लागत असेल आणि मशीन ४ वर बसलेलं असेल तर चढून पोचेपर्यंत चार-पाच प्रसंग होऊन जातात. शिवाय मोठ्या माणसाला ४ वर हवा अपुरी वाटते, गुदमरल्यासारखं होतं. रुग्ण मला सांगतो, ‘डॉक्टर, प्रेशर फार आहे, जीव घाबरतो.’ आलेख बघितला तर तो ४ वर घाबरलेला असतो. किमान प्रेशर ६-७ केलं की अशांपैकी अनेकांची तक्रार जाते. हे कोणी सांगितल्याशिवाय सुचत नाही, कारण मन उलटंच सांगत असतं.

म्हणून गळती आटोक्यात आली की तुमच्या डॉक्टरशी बोलून प्रेशरचा पट्टा, म्हणजे किमान आणि कमाल यांतलं अंतर, कमी करून घ्या. दोन आकडे महत्त्वाचे: मधलं प्रेशर (निम्मा वेळ ज्याच्या आत होतं ते) आणि ९५ टक्के वेळ ज्याच्या आत होतं ते प्रेशर. फिलिप्समध्ये ९० टक्क्यांचा आकडा असतो. उदाहरणार्थ मधलं ९ आणि ९५ टक्क्यांचं १२ असेल, तर ८ ते १४ असा पट्टा बऱ्याचदा जमून जातो. हे आकडे समजावण्यापुरते आहेत, तुमचे कार्डवरून ठरतील. बदल एका वेळी एकच करा आणि पुढचे पाच-सात दिवस त्याला द्या. एका रात्रीच्या आकड्यावरून काहीही ठरवू नका. लग्नातलं जेवण, दोन पेग, सर्दी, पाठीवर झोपणं, यातल्या कशानेही एक रात्र बिघडते.

प्रसंगांची जात बघा म्हटलं, ते इथे कामाला येतं. श्वास थांबला की रेसमेडचं मशीन काही सेकंद थांबून हवेत १ सेंटीमीटरची बारीक थरथर सोडतं, सेकंदाला चार वेळा. थरथर आत जाऊन परत आली तर घसा बंद नाही, मेंदूनेच श्वासाचा हुकूम दिलेला नाही. ते झालं सेंट्रल. परतीचा प्रतिसाद नसेल तर घसा मिटलाय, ते ऑब्स्ट्रक्टिव्ह. गळती फार असेल तर मशीनला काहीच ओळखता येत नाही आणि ते ‘अननोन’ असं टाकून देतं. तुमच्या ९ मधले बरेचसे अननोन निघाले तर मला अजिबात आश्चर्य वाटणार नाही. ऑब्स्ट्रक्टिव्ह जास्त असतील तर प्रेशर वाढवण्याला अर्थ आहे. सेंट्रल जास्त असतील तर प्रेशर वाढवल्याने ते वाढू शकतात. स्वतःच्या मनाने प्रेशर वाढवू नका म्हणतो त्याचं मुख्य कारण हे. नव्याने सीपॅप सुरू केलेल्या काहींना असे सेंट्रल प्रसंग सुरुवातीला दिसतात आणि काही आठवड्यांत ते आपोआप विरतात. पण हृदय कमजोर असेल किंवा मॉर्फिन-ट्रॅमॅडॉलसारखी वेदनाशामकं चालू असतील तर आधी ते डॉक्टरला सांगा. सेंट्रल अ‍ॅप्नियासाठी एएसव्ही नावाचं वेगळं मशीन मिळतं. हृदयाचं पंपिंग ४५ टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या, सेंट्रल अ‍ॅप्निया ठळक असलेल्या रुग्णांत त्याने हृदयविकाराचे मृत्यू वाढल्याचं २०१५ च्या सर्व्ह-एचएफ चाचणीत दिसलं. म्हणून ‘याहून भारी मशीन घेऊ’ हा विचार हृदयाच्या इको तपासणीशिवाय करायचा नाही.

पोटातल्या गॅसबद्दल. गळती थांबली आणि प्रेशर उगाच १६-१७ पर्यंत चढणं बंद झालं की निम्मा गॅस जातो. त्यावर ईपीआर, फिलिप्सच्या भाषेत फ्लेक्स, लावून बघा. श्वास सोडताना मशीन प्रेशर थोडं उतरवतं, रेसमेडमध्ये १, २ किंवा ३ सेंटीमीटर. ही सोय रुग्णाच्या मेनूतच मिळू शकते आणि ती आपण बदलली तरी चालते. तिला एक मेख आहे: घसा उघडा धरण्यात सोडतानाच्या प्रेशरचाही वाटा असतो, त्यामुळे ३ लावल्यावर काहींचा एएचआय वाढतो. १ पासून सुरुवात करा. रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी, पलंगाची डोक्याकडची बाजू थोडी उंच आणि डाव्या कुशीवर झोप, याने आम्लपित्त आणि गॅस दोन्ही कमी होतात.

ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड पाणी घाला. बोअरचं पाणी घातलं तर महिन्याभरात टाकीच्या तळाला पांढरा थर बसतो. पेट्रोल पंपावर मिळणारं बॅटरीचं पाणी श्वासासाठी बनवलेलं नसतं, ते नको. अडलं तर एखाद-दोन रात्री आरओचं पाणी उकळून गार करून चालेल. टाकी रोज सकाळी रिकामी करून वाळवायची. एसी लावून झोपत असाल तर नळीत पाणी साचून गुडगुड होतं, नाकावर थेंब येतात. मग ह्युमिडिफायर एक अंश कमी करा, नळी पांघरुणाखालून घ्या आणि मशीन पलंगाच्या पातळीच्या खाली ठेवा. ओझोनने मशीन ‘सॅनिटाइज’ करणारी यंत्रं घेऊ नका. साबण-पाणी पुरतं. फिल्टर महिन्याला बदलायचा. समोर इमारतीचं काम चालू असेल तर त्याआधीच काळा पडेल.

पहाटे मास्क निघण्यावर तोवर काय करायचं? मास्क निघाल्यावर वाजणारा गळतीचा अलार्म मशीनमध्ये असेल तर तो चालू करा. बायकोला सांगून ठेवा, तिला जाग आली आणि तुम्ही घोरताना दिसलात तर ढोसून मास्क लावायला लावायचा. तीनला जाग आली तर ‘आता तीनच तास राहिलेत’ म्हणून सोडून देऊ नका, ते तीन तासच तर हवेत. आणि दिवसा टीव्ही बघताना अर्धा तास मास्क लावून बसा. झोप लावायची नाही, नुसती सवय. हा उपाय बाळबोध वाटतो, पण मास्कची भीती मोडायला याहून चांगलं मला काही सापडलेलं नाही.

वीज गेली तर गुदमराल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सगळे विचारतात. नाही. नाकाचा मास्क असेल तर तोंड उघडून श्वास घेता येतो, फुल फेस मास्कला त्यासाठीच झडप असते. इन्व्हर्टर घेणार असाल तर शुद्ध साइन वेव्हचा घ्या आणि त्यावर चालवताना ह्युमिडिफायर बंद ठेवा, कारण सर्वांत जास्त वीज त्याचा हीटर खातो.

हे सगळं होऊन एएचआय ५ च्या खाली आला, मास्क सहा-सात तास टिकला आणि तरी दिवसा पेंग येत असेल तर परत या. थायरॉइड, लोह, नैराश्य, झोपेच्या किंवा अ‍ॅलर्जीच्या गोळ्या बघाव्या लागतील. वजन खूप असेल आणि सकाळी डोकं दुखत असेल तर रात्रीचा ऑक्सिजन आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइडही. तिथे सीपॅपऐवजी बायपॅप, म्हणजे श्वास घेताना आणि सोडताना वेगवेगळं प्रेशर देणारं मशीन, लागू शकतं. वजन १० टक्के उतरलं तर एएचआय साधारण चौथाईने घटतो. टिर्झेपाटाइड या इंजेक्शनला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणासह मध्यम-तीव्र अ‍ॅप्नियासाठी मान्यता दिली आहे. पण वजन उतरलं म्हणून मशीन मनाने बंद करायचं नाही, पुन्हा स्टडी करायची. आणि पेंग जाईपर्यंत कसारा घाटातून रात्री गाडी चालवू नका. ड्रायव्हर घ्या किंवा रेल्वेने जा.

भावाच्या मशीनबद्दल. त्याची स्लीप स्टडी झाली आहे का? नसेल तर आधी ती. घोरणारा प्रत्येक जण अ‍ॅप्नियाचा रुग्ण नसतो. उलट, अ‍ॅप्निया असूनही ‘नुसतं घोरतो’ म्हणून दुर्लक्षित राहिलेलेही भरपूर. रक्तदाब, मधुमेह असेल, झोपेत श्वास थांबल्याचं घरच्यांनी पाहिलं असेल तर टाळू नका. स्टडीनंतर मशीन लागलंच आणि वापरलेलं घ्यायचं झालं तर तीन गोष्टी विचारा. एक, मॉडेल आणि सीरियल नंबर: फिलिप्सने जून २०२१ मध्ये आतला पॉलियुरेथेन फोम झिजून श्वासात जाण्याच्या धोक्यामुळे लाखो मशीनं परत मागवली होती, त्यातली अजूनही विकायला येतात. नंबर कंपनीकडे तपासून घ्या. दोन, मशीन एकूण किती तास चाललंय, हे मेनूत दिसतं. तीन, ते ऑटो आहे की एकाच ठरलेल्या प्रेशरचं. मास्क, नळी आणि फिल्टर मात्र नवेच घ्यायचे, आणि आधीच्या मालकाची सेटिंग पुसून भावाच्या डॉक्टरकडून नवी लावून घ्यायची.